झाडाखालचं विनामूल्य व्याख्यान

हे मी देवनागरीत लिहितो आहे ते मायबोलीच्या प्रेमापोटी, असं कोणी समजू नये. तंजावरच्या आमच्या गल्लीत ही लिपी वाचू शकणारी माणसं दोनच. एक मी आणि दुसरे हनुमंतराव, आणि हनुमंतरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. बाकी आमची मराठी मंडळी घरात मराठी बोलतात, लिहितात तमिळ आणि भांडतात इंग्रजीत. तेव्हा मनातली मळमळ बाहेर काढायला याहून सुरक्षित जागा मला सापडली नाही. हेच तमिळमध्ये लिहिलं असतं तर मला घर विकून जावं लागलं असतं.

सुरुवात डोंगरावर झाली. आमची मुलगी वर्षा नीलगिरीतल्या एका छोट्या गावात राहते. गेल्या वर्षी एप्रिलच्या तोंडावर मी आणि माझी बायको कामाक्षी तिच्याकडे गेलो होतो. त्या गावात उन्हाळाभर दर शनिवारी निसर्गावर आणि त्याच्या रक्षणावर व्याख्यान असतं, आणि तेही फुकट. लोक आपापली चटई आणि आपापला चहा घेऊन एका मोठ्या झाडाखाली जमतात. आम्ही गेलो त्या दिवशी एक बाई शेवाळ्यावर बोलल्या. हो, शेवाळ्यावर! आणि माणसं ऐकत होती. दीपप्रज्वलन नाही, प्रमुख पाहुणा नाही, कोणी कोणाला शाल घातली नाही. बाई बोलल्या, दोघाचौघांनी प्रश्न विचारले, सगळ्यांनी चटया झटकल्या आणि घरी गेले.

मी परत येईपर्यंत गाडीत एकच विचार करत होतो. त्यांच्याकडे नुसतं शेवाळं, तर माझ्याकडे पिंगळे होते.

आमच्या माडीच्या व्हरांड्यासमोर रस्त्याकडेला एक जुना, अवाढव्य रेन ट्री आहे. संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतो, म्हणून इथले लोक त्याला तूंगुमूंजी, म्हणजे झोपाळू तोंडाचा म्हणतात. कधीकाळी त्याची एक फांदी मोडून पडली आणि तिथे ढोली तयार झाली. त्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी राहत असे. ऊन उतरलं की दोघं दाराशी येऊन बसायची. गोल डोळे, पांढऱ्या भुवया, चेहऱ्यावर कायमची नाराजी. मी पेपरातली बातमी वाचून काही मत दिलं की दोघं माना डोलवायची, खाली-वर, मग डावीकडे-उजवीकडे. समोरची वस्तू किती लांब आहे हे जोखायला पिंगळे तसं करतात, हे मी पुस्तकात वाचलं आहे. वाचलं असलं म्हणून काय झालं? विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून माझ्या बोलण्यावर मान डोलावणारं तेवढंच एक कुटुंब उरलं होतं. त्यात त्या वर्षी दोन पिलंही होती.

परत आल्यावर मी आमच्या रहिवासी संघाचा चिटणीस सुब्रमण्यम याच्याकडे गेलो. तो तमिळमध्ये बोलतो, मी इथे मराठीत देतो आहे.

"झाडाखाली विनामूल्य व्याख्यान ठेवतो म्हणतोय. पिंगळ्यांवर," मी म्हणालो.

"विनामूल्य?" त्याने पेपर खाली ठेवला. "सार, मग त्यात खोट काय आहे?"

"खोट काही नाही. फुकट आहे, एवढंच."

"फुकट असेल तर लोक विचारणार, तुम्ही शेवटी काय विकणार म्हणून. तुम्ही विम्यातले. मागं तुम्ही साधं कोणाच्या तब्येतीची चौकशी केलीत तरी माणसं घाबरायची."

हे मला लागलं. मी आयुष्यभर लोकांना त्यांच्या मरणाची आठवण सभ्यपणे करून दिली आणि त्याचं हे फळ. पण सुब्रमण्यम उत्साही माणूस आहे. त्याने स्वतःच तोडगा काढला. आपण रीतसर फंक्शन करू, म्हणाला. रीतसर म्हणजे प्रमुख पाहुणा हवा, पाहुणा म्हणजे वॉर्डाचा नगरसेवक, नगरसेवक म्हणजे माइक, माइक म्हणजे परवानगी, आणि लोक बसायला हवेत तर शेवटी सुंडल, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले हरभरे. मी म्हटलं, डोंगरावर लोक नुसते चटई घेऊन येतात. तो म्हणाला, डोंगरावर लोकांना दुसरं काम काय आहे?

परवानगीसाठी मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या कारकुनाने विचारलं, कार्यक्रम देवाचा, पार्टीचा की मयताचा? मी म्हटलं, निसर्गाचा. त्याने रजिस्टर चाळलं. मग त्याने आम्हाला कान टोचणे आणि मुलगी वयात येणे या समारंभांच्या रांगेत घातलं, कारण त्यांना लाऊडस्पीकर लवकर मिळतो. तिथून मला वॉर्ड ऑफिसात पाठवलं, कारण रस्ता त्यांचा. तिथे मी लिहून दिलं की झाडाखालची जागा व्याख्यानासाठी उपलब्ध करून द्यावी. साधं, सरळ, सभ्य वाक्य. ते वाक्य मला पुढे किती महागात पडणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

मग आला फ्लेक्स. झाडाच्या खोडावर ठोकलेला. त्यावर नगरसेवकाचा चेहरा पुरुषभर उंच, त्याच्या शेजारी हात जोडलेला सुब्रमण्यम, खालच्या कोपऱ्यात माझा पेन्शनच्या कार्डावरचा फोटो, आणि उरलेल्या जागेत बर्फात बसलेलं एक पांढरंशुभ्र विलायती घुबड. मी फ्लेक्सवाल्याला म्हटलं, हा पिंगळा नाही. तो म्हणाला, कम्प्युटरमध्ये हाच छान दिसत होता. सुब्रमण्यमच्या सासूबाई सरोजा अम्मा शेजारच्याच घरात राहतात. त्यांनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं. घुबड ही आमच्याकडे अशुभ गोष्ट, आणि ते मी त्यांच्या ओट्यासमोर टांगलं होतं. घुबडाचं तोंड पाहत रोज सकाळी कॉफी प्यायची का, असा त्यांचा सवाल होता. मी त्यांना समजावलं की भातशेतीतले उंदीर खाऊन हाच पक्षी आपलं रक्षण करतो. त्यांनी दार लावून घेतलं.

व्याख्यानाच्या संध्याकाळी खूप गर्दी झाली. मी हुरळलो. नंतर कळलं की नगरसेवक येणार म्हणून सगळे आपापल्या नळाच्या तक्रारी घेऊन आले होते. दीपप्रज्वलन झालं, प्रार्थना झाली, स्वागतपर भाषण झालं. मग पोन्नाडै सुरू झाल्या. पोन्नाडै म्हणजे जरीकाठी शाल. ज्याने खुर्ची आणली त्याला, ज्याने माइक लावला त्याला, आणि ज्याने शाली आणल्या त्यालाही एक. मी नगरसेवकाच्या शेजारी बसून ढोलीकडे पाहत होतो. लाऊडस्पीकरमुळे पिंगळे आत दडले होते. मला त्यांची लाज वाटत होती, म्हणजे त्यांच्यासमोर माझी.

नगरसेवक बोलायला उभा राहिला. तो या झाडाखालून रोज स्कूटर घेऊन जातो, पण त्याने वर पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. माझ्या कार्यक्रमामुळे. तो म्हणाला, इतक्या चांगल्या कार्यक्रमाला लोकांना असं उघड्यावर, पाचोळ्यात बसावं लागतं याचं त्याला दुःख होतंय. निसर्गाची व्याख्यानं दर वर्षी व्हायला हवीत. म्हणून तो आज जाहीर करतो की इथे निसर्ग व्याख्यानांसाठी कायमचा काँक्रीटचा मंच आणि वर पत्र्याची शेड बांधून देण्यात येईल. त्यासाठी हे जुनं, पोकळ, धोकादायक झाड काढून टाकण्यात येईल.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुब्रमण्यमने माझा हात धरून वर उचलला.

माझी पाळी आली तेव्हा सुंडल वाटायला सुरुवात झाली होती. "पिंगळा हा," एवढं मी बोललो. मग माइकवाला आला आणि म्हणाला, वेळ संपली, त्याला दुसरीकडे कान टोचण्याच्या समारंभाला जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्ड ऑफिसात धावलो. झाड तोडू नका, असा अर्ज केला. तिथल्या बाईंनी माझी जुनी फाइल काढून समोर धरली.

"सार, झाडाखालची जागा उपलब्ध करून द्या म्हणून तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो, पण झाडासकट!"

"झाडाचा विभाग वेगळा. आम्ही फक्त जागा उपलब्ध करतो."

झाडाच्या विभागाने सांगितलं, फांद्या विजेच्या तारांना लागतात, तेव्हा वीजवाल्यांकडे जा. वीजवाले म्हणाले, तोडायला आम्ही कधीच तयार होतो, तुमचे आभार. मी ज्या ज्या दारात गेलो तिथे माझं अभिनंदन झालं. मी हात टेकले.

तेव्हा मी हनुमंतरावांकडे गेलो. ते आमच्या मराठी संघाचे अध्यक्ष, कामाक्षीचे मामेभाऊ, आणि सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी सगळं ऐकलं, पानाचं देठ खुडलं आणि म्हणाले, "रंगराव, तुम्ही येथेंच जन्मलांत की भोपाळांत? ह्या गांवांत पिंपळ का तोडत नाहींत? कडुलिंब का तोडत नाहींत?"

"का म्हणजे, खाली देव असतो म्हणून."

"मग तुमच्या झाडाखालीं काय आहे?"

"काही नाही. ते विलायती झाड. त्याला देव नाही."

"तें त्याचें दुर्दैव. तुम्ही एक गणपती नेऊन ठेवा. बास. करवतवाला आला की नमस्कार करून जाईल. चार-आठ दिवसांत नगरसेवक दुसरें कांहीं बांधायच्या नादांत पडेल. मग उत्तरपूजा करा, अक्षता टाका, गणपती घरीं आणा. दर भाद्रपदांत अम्ही काय करतों? आणतों आणि पाठवतों. त्यांत कठीण काय?"

मला ते पटलं. आज विचार केला की स्वतःच्याच कानफटात द्यावीशी वाटते. आम्ही मराठी माणसं. आमचा गणपती पाहुणा असतो. दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस, मग निरोप. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून, सांबार ओरपून, हे साधं लक्षात आलं नाही की इथला झाडाखालचा पिळ्ळैयार, म्हणजे तमिळ गणपती, पाहुणा नसतो. तो एकदा बसला की बसला.

आमच्या परसात विहिरीजवळ एक काळा दगडी गणपती होता. नारळाएवढा, सोंड झिजलेली. कामाक्षीच्या आईने तो तिरुवैयारूहून लग्नात तिच्याबरोबर पाठवला होता. रोज पाणी काढताना ती त्याच्यावरही एक तांब्या ओतायची आणि त्याच्याशी बोलायची. माझ्याशी बोलते त्याहून बरंच जास्त. मी तो मागितला तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"आमच्या आईचा तो," ती म्हणाली.

"चार दिवसांपुरता. पिलांसाठी."

तिने सूप बाजूला ठेवलं. पिलांना ती मला न सांगता व्हरांड्यातून हाका मारायची, हे मला ठाऊक होतं. "परत आणतांत की नाहीं तें आधीं सांगा."

"आणतो."

"सेरी, न्या. पण उन्हांत ठेवूं नका त्याला."

अग्निनक्षत्र सुरू झालं होतं. मे महिन्यातल्या त्या दिवसांत भर दुपारी तंजावरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. सगळी गल्ली पंख्याखाली आडवी असताना मी भाजीच्या पिशवीत गणपती घालून निघालो. डांबर चपलेला चिकटत होतं. मी झाडाच्या मुळांमध्ये, सावलीत, त्याला बसवलं, एक जास्वंदीचं फूल ठेवलं, आणि दगडाला चटका बसू नये म्हणून खाली केळीचं पान घातलं. ढोलीच्या दारातून एक पिंगळा अर्ध्या डोळ्याने पाहत होता. त्याने मान डोलावली. मी घरी येऊन ताक प्यालो आणि मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

दोन दिवसांनी करवतवाले आले. त्यांनी गणपती पाहिला, करवती खाली ठेवल्या, चपला काढल्या, कानाला हात लावून उठाबशा काढल्या आणि निघून गेले. माझा जीव भांड्यात पडला. मी व्हरांड्यातून पिंगळ्यांना हात केला. हनुमंतरावांना फोन करून सांगितलं, तुमची अक्कल म्हणजे अक्कल! निसर्गरक्षणाच्या इतिहासात इतकं स्वस्त यश कोणाला मिळालं नसेल, असं मी वर्षालाही कळवलं.

संध्याकाळी सरोजा अम्मा झाडाशी गेल्या. त्यांनी केळीच्या पानाची कड उचलली, मुळांमधून डोकावून पाहिलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हा कोणी ठेवलेला नाही. हा सुयंभू आहे. जमिनीतून वर आला आहे. नगरसेवकाने झाड तोडायचं म्हटलं म्हणून स्वतः आला आहे. घुबडाचा अपशकुन धुऊन काढायला आला आहे.

पाचव्या दिवसापर्यंत दुधाचे अभिषेक सुरू झाले. शेजारच्या गल्ल्यांतून माणसं आली, मग पलीकडच्या कालव्याकाठच्या खेड्यांतून मोपेडवरून आली. सुब्रमण्यमने समिती स्थापन केली. नगरसेवक पहिल्या रांगेत येऊन बसला आणि हे झाड तोडण्याचा विचार करणाऱ्याचे हात झडतील, असं माइकवरून म्हणाला. देवाचं नाव पडलं तूंगुमूंजी विनायकर.

"अहो," कामाक्षी म्हणाली, "त्याला आतां घरीं आणा. तो दमला असेल."

मी पुन्हा भर दुपार निवडली. बरोबर अक्षता घेतल्या. झाडापाशी बसलो, आमच्या पद्धतीने उत्तरपूजा केली, "पुनरागमनाय च" म्हटलं, गणपती थोडा हलवला, आणि दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला. तेवढ्यात ओट्यावरून किंकाळी आली.

"तिरुडन! तिरुडन!"

म्हणजे चोर. उकाड्यामुळे सरोजा अम्मांना झोप लागली नव्हती. क्षणात दारं उघडली. लुंग्या सावरत गल्ली बाहेर आली. मी, वयाची सत्तरी जवळ आलेला, पेन्शनर, कधी कोणाचा पेपरसुद्धा परत केल्याशिवाय न राहिलेला माणूस, भर रस्त्यात पोटाशी देव धरून उभा होतो.

"हा माझा आहे," मी म्हणालो. "आमच्या विहिरीवरचा. मीच ठेवला होता."

लोक हसले. गेल्या आठवड्यात आणखी तिघांनी असाच दावा केला होता, असं सुब्रमण्यमने मला हळूच सांगितलं. मग कामाक्षी आली. उन्हातून, अनवाणी. ती कधी चारचौघांत बोलत नाही. ती तमिळमध्ये म्हणाली, "तो आमचाच आहे. माझ्या आईने दिलेला."

सरोजा अम्मांनी तिचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "अम्मा," त्या म्हणाल्या, "तो सगळ्यांनाच आपला वाटतो. हीच तर त्याची महती."

कामाक्षीने माझ्या हातातून गणपती घेतला, पदराने त्याची सोंड पुसली आणि मुळांमध्ये परत ठेवला. सुब्रमण्यमने माझी अब्रू वाचवली. सार फक्त पाया पडत होते, पडता पडता तोल गेला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

पण त्या दिवसाने एक गोष्ट पक्की झाली. आमच्या भागात चोरून आणलेला पिळ्ळैयार जास्त पावतो, असं मानतात. माझ्यासारखा शिकलेला माणूस चोरायला येतो म्हणजे देव किती जागृत असला पाहिजे! समितीने तातडीची बैठक घेतली. खाली मुळांत देव सुरक्षित नाही. चौथरा उंच बांधायचा, देव वर न्यायचा आणि लोखंडी जाळीचं दार लावून कुलूप घालायचं. वर कुठे, तर निसर्गाने गाभारा आधीच करून ठेवला होता.

ढोलीत.

मी सुब्रमण्यमच्या घरी गेलो. गयावया केली. "ढोलीत पिलं आहेत. थोडे दिवस थांबा. ती उडून जातील."

"सार, आम्ही काय राक्षस आहोत? आम्ही त्यांना हात लावणार नाही. ती आपणहून जातील."

"कशी जातील?"

"चेंडामेळम आणलाय केरळहून, ढोल-झांजांचा ताफा," तो अभिमानाने म्हणाला. "आणि फटाके."

मुहूर्त पंचांगातला होता, हलणं शक्य नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी व्हरांड्यात बसलो. दोन्ही पिलं पहिल्यांदाच ढोलीबाहेर येऊन फांदीला बिलगून बसली होती. कापसाच्या बोंडांसारखी. मी त्यांना म्हटलं, पळा रे बाबांनो. त्यांनी माना डोलावल्या, खाली-वर, डावीकडे-उजवीकडे. त्यांना वाटलं मी पेपर वाचतोय.

सकाळी ढोल वाजले. फटाक्यांची माळ लागली. धुराने झाड दिसेनासं झालं. भर उजेडात पिंगळ्यांची जोडी बाहेर पडली आणि कावळ्यांनी त्यांना घेरलं. नेमकं त्याच वेळी माझं नाव माइकवर पुकारलं गेलं. या झाडाकडे सर्वांचं लक्ष वेधणारे निसर्गप्रेमी रंगराव सार! मला चौथऱ्यावर ओढून नेण्यात आलं. नगरसेवकाने माझ्या अंगावर जरीकाठी पोन्नाडै घातली. कावळे तळ्याच्या दिशेने ओरडत गेले, मग त्यांचा आवाज लांब गेला. पिलं मला दिसली नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी शाल पांघरून हात जोडून उभा होतो आणि खाली कोणीतरी मोबाइलवर माझा फोटो काढत होतं. तो फोटो समितीच्या कॅलेंडरवर आला आहे.

या गोष्टीला आता वर्ष झालं. झाड शाबूत आहे. त्याच्या खोडाला पिवळं कापड आहे, फांद्यांवर ट्यूबलाइट आहेत, आणि त्याने रात्री झोपायचं कधी हा प्रश्न कोणी विचारत नाही. दर शनिवारी संध्याकाळी झाडाखाली प्रवचन असतं. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, विनामूल्य. लोक आपापली चटई आणतात. मी एकदा विचारलं की एखादा शनिवार मला मिळेल का, तर समितीने खेदपूर्वक कळवलं की मांसाहारी पक्ष्यांवरचं भाषण देवासमोर शोभणार नाही. कामाक्षी दर मंगळवारी रांगेत उभी राहते, अर्चनेचं तिकीट काढते आणि जाळीतून आपल्या आईच्या गणपतीला पाहून येते. परसात विहिरीजवळ त्याची जागा अजून तशीच आहे. सवयीने ती तिथेही एक तांब्या ओतते. मला बोलत नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आणि उंदीर झाले आहेत.

नैवेद्याचं पोंगल, फोडलेले नारळ, सांडलेलं सुंडल. चौथऱ्याखाली त्यांची बिळं आहेत. त्यांनी स्कूटरच्या वायरी कुरतडल्या, सरोजा अम्मांच्या भाताच्या पोत्यात घरं केली, आणि परवा समितीच्या फ्लेक्सवरचा नगरसेवक गळ्यापर्यंत खाल्ला. औषध घालायचं तर देवाचं वाहन. पिंजरा लावायचा तर देवाच्या दारात देवाच्या वाहनाला अटक. समितीची या विषयावर दोनदा बैठक झाली आणि दोन्हीदा नैवेद्य वाढवायचं ठरलं.

काल संध्याकाळी सुब्रमण्यम घरी आला. चेहरा ओढलेला. त्याच्या नव्या गाडीची सीट आतून पोखरली होती. खाली झाडासमोर उभं राहून आम्ही बोलत होतो.

"सार, तुम्ही निसर्गाचे जाणकार. विष नाही, हिंसा नाही, असा काही नैसर्गिक उपाय आहे का? मी समितीला सांगून या उन्हाळ्यात तुमचं एक व्याख्यान ठेवतो. विनामूल्य. उंदरांवर."

वर्षापूर्वी ज्या वाक्यावर माझा माइक बंद झाला होता ते वाक्य पुरं करायला कोणीतरी मला स्वतःहून सांगत होतं.

"पिंगळा हा," मी म्हणालो, "उंदरांचा शत्रू आहे. एक जोडी असली तरी गल्लीतले उंदीर आटोक्यात राहतात. काही करावं लागत नाही. खर्च नाही. फक्त त्यांना राहायला जागा लागते."

सुब्रमण्यम मन लावून ऐकत होता. त्याने मान डोलावली. खरंच डोलावली, खाली-वर.

"किती सोपं आहे, सार! आणि ती जागा कुठे मिळते?"

मी हात वर केला आणि ढोलीकडे बोट दाखवलं.

"तिथे."

त्याने वर पाहिलं. जाळीच्या दारामागे, ट्यूबलाइटच्या उजेडात, कामाक्षीचा गणपती चांदीच्या मुखवट्यात बसला होता. मग त्याने चपला काढल्या आणि हात जोडले.

"बरोबर बोललात, सार," तो भरल्या आवाजात म्हणाला. "त्याचंच वाहन, तोच बघून घेईल."

मीही चपला काढल्या आणि हात जोडले. अजून या गल्लीत राहायचं आहे.